शब्दचर्चा: ‘ओल्ड कम्प्रेशन फ्रॅक्चर’ला घरच्या मराठीत काय म्हणायचं?

सिडकोवाली
सासूबाईंची पाठ खूप दुखत होती म्हणून नाशिकला आणून एमआरआय केला. रिपोर्टमध्ये लिहिलंय ‘ओल्ड वेज कम्प्रेशन फ्रॅक्चर डी १२, नो मॅरो एडिमा, नो रेट्रोपल्शन’ आणि शेवटी ‘क्लिनिकल कोरिलेशन’. त्या आता परत निफाडला गेल्यात आणि फोनवर मी जुनं फ्रॅक्चर आहे म्हटलं तर म्हणतात माझं आयुष्यात काही मोडलेलं नाही, बागेत ट्रॉलीवरून पडले होते तेव्हा नुसता मुका मार लागला होता. दीर म्हणतात जुनं आहे ना, मग सोडून द्या. सगळ्यांना एकच अर्थ कळेल असे शब्द सुचवा.

म्हसरूळकर
शब्दकोशातला शब्द ‘जीर्ण अस्थिभंग’. पण आपल्या इथे दिंडोरी रोडला आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आहे तरी रिपोर्टमध्ये हा शब्द मी कधी वाचलेला नाही, आणि आजींना फोनवर सांगितला तर त्या अजून घाबरतील.

गोदाकाठ
ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, हे रिपोर्ट रोज हातात येतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अस्थिभंग किंवा ‘मोडलं’ म्हटलं की माणसाला प्लास्टर घातलेला हात आठवतो, त्यामुळे तुमच्या सासूबाई नाही म्हणतात ते त्यांच्या जागी बरोबर आहे. मणक्याचं हाड बहुतेक वेळा चेपतं. वजन वरून येतं, हाड आतून ठिसूळ असेल तर पुढची बाजू दबते आणि मागची उंची तशीच राहते, म्हणून तो बाजूने बघितला तर पाचरीसारखा दिसतो, कुदळीच्या दांड्यात मारतो ना ती पाचर. वेज म्हणजे तेच. त्यामुळे मी घरच्यांना ‘मणका पुढून चेपलाय’ असंच सांगतो, फ्रॅक्चर हा शब्द नंतर.

डी १२ म्हणजे छातीच्या मागच्या बारा मणक्यांतला शेवटचा, काही रिपोर्टमध्ये त्यालाच टी १२ लिहितात, घाबरू नका दोन्ही एकच. बरगड्यांमुळे वरचा भाग ताठ आणि खाली कंबर वाकणारी, त्या सांध्यावर जोर येतो म्हणून चेपायचे मणके जास्त करून डी १२ आणि एल १ (कंबरेचा पहिला) हेच असतात. किती चेपलाय तेही विचारा. उंची साधारण २० ते २५ टक्के कमी झाली तर माइल्ड, २५ ते ४० मॉडरेट, ४० च्या वर सीव्हियर असं धरतात.

आता ‘ओल्ड’. हा शब्द फक्त वय सांगतो, बरं झालं की नाही याचं पूर्ण उत्तर त्यात नाही. हाड जुळतं पण चेपलेल्याच आकारात जुळतं, पुन्हा उंच होत नाही, मग पाठीला पोक येतो, उंची कमी होते, पाठीचे स्नायू थकतात आणि दुखत राहतं. शिवाय ओल्ड म्हणजे ट्रॉलीवरून पडल्या तेव्हाचंच असं एमआरआय सांगू शकत नाही, तीन वर्षांपूर्वीचं असो नाहीतर वीस, दिसायला बरंचसं सारखंच. घरात जुने एक्सरे असतील तर शोधा, त्यांच्याशी जुळवून बघितलं तरच काळ ठरतो. लोक फिल्म माळ्यावर टाकून देतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

सिडकोवाली
दादा खूप आभार. ‘नो एडिमा’ म्हणजे सूज नाही असं मी सांगितलं, तर त्या म्हणे सूज नव्हतीच पाठीवर!

गोदाकाठ
ही सूज हाडाच्या आत, मज्जेत (रिपोर्टमधला ‘मॅरो’) असते, हाताला लागत नाही. ताज्या फ्रॅक्चरमध्ये एमआरआयच्या स्टिर नावाच्या खास फोटोंत ती पांढरी चमकते आणि काही महिने राहू शकते, ती नाही म्हणूनच त्यांनी ओल्ड लिहिलं. नुसत्या एक्सरेवर नवं-जुनं ओळखणं कठीण. रेट्रोपल्शन म्हणजे हाडाचा तुकडा मागे नसांच्या पोकळीत ढकलला जाणं, तो नाही ही चांगली गोष्ट. आणि क्लिनिकल कोरिलेशन म्हणजे ‘फोटोत हे दिसलं, आता पेशंटला तपासून जुळवून बघा’, कारण आजचं दुखणं याच मणक्याचं आहे की दुसरीकडचं ते फोटोवरून ठरत नाही.

निफाडची लेक
‘मुका मार’ वरून आठवलं, आमच्याकडे हंडा उचलताना कळ आली की ‘उसण भरली’ म्हणतात, शेकतात, चोळतात, चार-आठ दिवसांनी कामाला लागतात. त्यात पण मणका चेपलेला असू शकतो का?

गोदाकाठ
प्रत्येक उसण म्हणजे फ्रॅक्चर नाही, बहुतेक वेळा स्नायूच असतो. पण वय झालेल्या बाईला पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ झाली असतील तर नुसतं वाकून उचलतानाही मणका चेपतो, आणि असे चेपलेले मणके अर्ध्याहून जास्त वेळा त्या वेळी ओळखूच येत नाहीत. वर्षांनंतर भलत्याच कारणाने फोटो काढला की दिसतात. म्हणून अशा वयात उसण भरली तर चोळू नका, पाठीवर पाय देऊन घेणं तर अजिबात नको.

दिरांना हेच सांगा ताई. एक मणका चेपला की पुढचा चेपायची शक्यता कितीतरी पटीने वाढते, त्यामुळे ‘जुनं आहे’ हे हाडांची तपासणी करायचं कारण आहे, डेक्सा म्हणतात तिला. टी स्कोर, म्हणजे त्यातला हाडांच्या घनतेचा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, पण आकडा त्यापेक्षा बरा आला तरी मोठ्या मारावाचून चेपलेला मणका स्वतःच ठिसूळपणाची खूण धरतात. गोळ्या-इंजेक्शनं असतात त्यावर, ते ऑर्थोवाले ठरवतील. आणि पायात ताकद कमी वाटली, मांड्यांच्या मध्ये बधिर झालं, लघवी-संडासवर ताबा गेला तर रिपोर्ट वाचत बसायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल.

म्हसरूळकर
मग ‘जीर्ण’ मी मागे घेतो. ‘पूर्वी चेपून तसाच जुळलेला मणका’ कसं वाटतं?

सिडकोवाली
हे चालेल. आत्ताच फोन केला, दिरांनाही स्पीकरवर ऐकवलं. सासूबाई म्हणाल्या, मग त्या वेळी कुणी फोटो का नाही काढला. डेक्साला यायला तयार आहेत, छाटणीची माणसं गेली की.

गोदाकाठ
छाटणीपर्यंत थांबलं तरी चालेल, पण तोवर क्रेट उचलू देऊ नका.