"खेड्यात मोजायला काय आहे?" याला माझं उत्तर

पैनगंगाकाठ
काल इथे वास्तू_नागपूर यांनी न्यूयॉर्कच्या खुल्या नोंदींवर लिहिलं. तिथल्या महापालिकेने जमिनीच्या प्रत्येक तुकड्याची माहिती लोकांसाठी खुली केली आहे: इमारत कोणत्या साली बांधली, मजले किती, बिऱ्हाडं किती, कराचं मूल्यांकन किती. ही प्लूटो नावाची नोंद आधी विकत घ्यावी लागायची, २०१३ पासून फुकट मिळते. इथवर लेख मला आवडला. शेवटी मात्र त्यांनी लिहिलं, "हे मोठ्या शहरांसाठी आहे. खेड्यात मोजायला काय आहे? घरं सारखीच, मजला एक, आणि मालक कोण ते गावाला तोंडपाठ."

या वाक्याने मला रात्रभर छळलं, म्हणून आमच्या घराचीच गोष्ट सांगतो.

आमचं घर यवतमाळ जिल्ह्यात. पुढचे दोन खण विटा-सिमेंटचे, वर टिना. माजघर आणि मागची खोली मातीची, वर कवेलू, म्हणजे कौलं. २०२३ च्या जुलैतल्या पावसात मागची भिंत सांदवाडीत कोसळली. पंचनामा झाला. अंशतः पडझडीला पक्क्या घराला ६,५०० रुपये, कच्च्याला ४,०००. नमुना आठवर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरटॅक्सच्या नोंदवहीत, आमचं घर "मातीचं", म्हणून ४,००० मिळाले. ठीक आहे म्हटलं, कच्चं तर कच्चं, मग घरकुलासाठी नाव लावा. तिथे २०११ च्या सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणात तेच घर "पक्की भिंत, पक्कं छप्पर" म्हणून नोंदलेलं निघालं. त्यामुळे यादीत नाव नाही.

एकच घर एका कागदावर कच्चं आणि दुसऱ्यावर पक्कं. दोन्ही वेळा फटका माझ्या वडिलांनाच बसला. २०११ ची ती ओळ आम्ही पहिल्यांदा पाहिली ती भिंत पडल्यावर. घर क्रमांकासमोर भिंत, छप्पर, खोल्या, नोंदीचं साल एवढं जरी सगळ्यांना दिसत असतं, तरी बारा वर्षांत कोणीतरी म्हटलं असतं की हे चुकलंय. म्हणून सांगतो, खेड्यात मोजायला भरपूर आहे. मोजलेलं आहेही. फक्त ते आम्हाला दिसत नाही.

वास्तू_नागपूर
"घरं सारखीच" हे मी घाईत लिहिलं. ते वाक्य मागे घेतो, पण मुद्दा मागे घेत नाही.

न्यूयॉर्कची नोंद चालते कारण तिच्यामागे रोज काम करणारी खाती आहेत. बांधकाम परवानगी एका खात्याकडे, घरांच्या तक्रारी दुसऱ्याकडे, कर तिसऱ्याकडे, आणि भूखंडाचा क्रमांक सगळीकडे एकच. म्हणून जोडणी होते. एवढं असूनही जुन्या इमारतींचं बांधकामाचं साल अंदाजाने टाकलेलं असतं. हजारो इमारती नेमक्या १९२० किंवा १९३० साली उभ्या राहिल्यासारख्या दिसतात.

तुमच्याकडे नमुना आठचा घर क्रमांक एक, सर्वेक्षणाचा कुटुंब क्रमांक दुसरा, भूमी अभिलेखचा मिळकत क्रमांक तिसरा. जोडणार कशाने? चुकीच्या नोंदी संकेतस्थळावर टाकल्या की त्या पुरावा होऊन बसतात. "ऑनलाइन असंच दिसतंय" म्हणून खिडकीवरून परत पाठवलेली माणसं मी पाहिली आहेत. आधी नोंद सुधारा, मग खुली करा. २४ एप्रिल २०२० ला गावठाणातल्या घरांना मिळकत पत्रिका देणारी स्वामित्व योजना आली, ड्रोनने गावठाणं मोजली जात आहेत. तिला वेळ द्या.

निवृत्त_ग्रामसेवक
दोघांचंही वाचलं. नमुना आठ "दिसत नाही" म्हणणाऱ्याने कार्यालयात येऊन किती वेळा मागितला, ते सांगावं. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. कलम ४ प्रमाणे न मागता माहिती प्रसिद्ध करायची असते हे मलाही पाठ आहे. पण एका ग्रामसेवकाकडे तीन गावं, त्यात जन्म-मृत्यू, रोजगार हमी, घरकुलांचे फोटो, पाणीपट्टी. २०१५ ला करआकारणीचा नियम बदलला, क्षेत्रफळावरून भांडवली मूल्यावर गेला. तेव्हा घरोघरी टेप घेऊन मी फिरलो आहे, आणि काय ऐकलं ते आज लिहितो: "साहेब, मातीचंच राहू द्या. घरटॅक्स वाढेल." स्लॅब पडलेल्या घरातून हे ऐकलंय. नोंद चुकीची का, तर तुम्हाला ती चुकीची हवी होती. तुमच्या वडिलांनीही हेच सांगितलं नसेल कशावरून?

पैनगंगाकाठ
माझ्या वडिलांवर जायचं काम नाही. तुम्ही आमचं गावही ओळखत नाही. ज्यांची भिंत पडली त्यांनाच खोटं ठरवायचं ही सवय कार्यालयातली आहे, ती इथे आणू नका.

मोर्शीचा_पोट्टा
राजेहो, तुमी भांडा, पन मले एक सांगा. मातीचं घर "कच्चं" हे ठरवलं कोनं? २०११ च्या त्या सर्व्हेत हातानं घडवलेले कवेलू म्हनजे कच्चं छप्पर, अन् टिन म्हनजे पक्कं छप्पर! टिनाखाली मे मयन्यात दुपारी बसून पाह्य म्हना त्या रकाना बनवनाऱ्याले.

मायं घर मातीचं हाय. भित दीड हात जाड, वर कवेलू, खाली बांबूच्या चटया. बाहेर ४५ असलं तरी माय माजघरात झोपते. लहान्या भावाले घरकुल मिळालं, १ लाख २० हजार. विटाची एकेरी भित, वर स्लॅब. रातच्या बारा वाजता बी तो स्लॅब तापलेला राह्यते. पोट्टे आंगनात झोपतेत. कूलर लावला त लाइट जाते. कागदावर त्याचं घर पक्कं, मायं कच्चं. आता हाच डाटा तुमी जगाले दाखवसान? दाखवा, पन घर किती तापते तो रकाना आधी टाका त्यात.

वास्तू_नागपूर
भाऊ, मातीच्या घराचं कौतुक करताना ३० सप्टेंबर १९९३ विसरू नका. किल्लारीला माणसं कशाखाली गाडली गेली? मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरचं मातीचं जड धाबं. कच्चं-पक्कं ही विभागणी हौसेने केलेली नाही, घर पडलं तर माणूस वाचेल का त्यासाठी आहे.

मोर्शीचा_पोट्टा
ते गोटे व्हते. गोटे मातीत नुसते रचले अन् वर टनाचं ओझं ठेवलं त पडनारच. आमच्याकडं भित चिखलाची, वजन कवेलूचं. सगळ्याले एकाच रकान्यात कोंबता, मंग म्हनता पाहा किल्लारी. हेच त मी म्हनून रायलो. रकाना चुकीचा हाय!

आन काळ्या मातीचं सांगा. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतेत. भावाच्या घरकुलाच्या पायव्यातून जोत्यापासून खिडकीपर्यंत चीर गेली दुसऱ्याच वर्षी. हप्ते काढाच्या टायमाले फोटो काढला तवा नवी भित चकाचक. चीर पडल्यावर कोनी फोटो काढाले येत नाही.

सपरी_ताई
मोर्शीच्या दादा, तुमच्या दीड हाताच्या भिंती दरवर्षी पोतारतं कोण? मी वीस वर्षं पोतारल्या आहेत. दिवाळीच्या आधी आठ दिवस माती कालवायची, शिडीवर चढायचं, सारवण तर दर आठवड्याला. उधई दारं खाते. माकडं आली की एका सकाळी शंभर कवेलू फुटतात. कवेलू घडवणारे कुंभार आमच्या पंचक्रोशीत आता उरले नाहीत, आणि फाटे-बांबू आणायला गेलं की जंगलवाले अडवतात. मातीच्या घराच्या गारव्यावर बोलणाऱ्या माणसाने आधी पोतारा हातात धरावा. मला माझा स्लॅब प्रिय आहे. तापतो, तरी प्रिय आहे.

मोर्शीचा_पोट्टा
ताई, पोताऱ्याचं बरोबर हाय. मायी मायच करते, आता बायको. हे लिहाचं राह्यलं मायं. पन तापते हे तुमी बी मानलं ना?

सपरी_ताई
मानलं. पुढे वाचा.

माझं भांडण मूळ धाग्याशी आहे. "सगळं खुलं करा" म्हणता, तर घरकुलाची यादी खुलीच आहे. कोणाला मंजूर, कितवा हप्ता कधी पडला, नावानिशी नेटवर दिसतं. आमच्या शेजारी एकटी बाई राहते. तिचा पहिला हप्ता पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारात तीन जण: एक उसनवारीचा, एक बचत गटाच्या थकबाकीसाठी, आणि एक रेती टाकून देतो म्हणणारा. तिने पासबुक भरूनही आणलं नव्हतं, त्यांना आधीच माहीत. पैसे रेतीवाल्याने आगाऊ नेले, रेती दोन महिन्यांनी आली. तोवर जोतं तसंच पडून होतं आणि ती मुलाला घेऊन टिनाच्या आडोशाला राहिली.

दुसरं, गावठाणाबाहेरची घरं. गायरानावर तीस-तीस वर्षं राहणारे आहेत. त्यांचं घर नकाशावर लाल रंगात दाखवलंत की उद्या नोटीस. न्यूयॉर्कची नोंद बघून तिथला भाडेकरू घरमालकाला धरतो. आमच्याकडे नोंद बघून कोण कोणाला धरेल याचा विचार केला का?

आणि तिसरं कोणीच बोललं नाही. घराच्या नोंदीवर नवऱ्यासोबत बायकोचंही नाव लावायचा शासन निर्णय २००३ चा आहे. आमच्या गावच्या नमुना आठची पानं मी स्वतः उलटली. हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी नावं आहेत बायकांची.

निवृत्त_ग्रामसेवक
ताईंचं नावाबद्दलचं म्हणणं खरं आहे. माझ्या काळातही ते मोहिमेपुरतं झालं, वरून विचारणा थांबली आणि आम्हीही थांबलो. हे मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही.

ड्रोनचं म्हणाल तर, उड्डाणाआधी गावकऱ्यांनी आपापल्या हद्दीवर चुन्याची फक्की मारायची असते. ज्या घरात दोन भाऊ एका आढ्याखाली राहतात तिथे फक्की कुठून मारायची? वरून एकच छप्पर दिसतं. मिळकत पत्रिका एकाच्या नावाने निघाली की भांडण पुढची पिढी लढते. संकेतस्थळाने हे सुटत नाही.

पैनगंगाकाठ
ताई, नावं आणि हप्त्याची तारीख उघडी टाका असं मी म्हणत नाही. वर पुन्हा वाचा: घर क्रमांक, भिंत, छप्पर, खोल्या, साल. पण गायरानाचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता, हे खरं. हद्दीचा नकाशा यातून बाहेर ठेवावा लागेल.

वास्तू_नागपूर यांना एक विचारतो. "आधी सुधारा, मग खुली करा" असं २०११ पासून चाललंय. सुधारणार कोण? ज्याचं घर आहे त्याला ओळ दिसल्याशिवाय चूक कळणार कशी? तुमच्या न्यूयॉर्कमध्ये १९२० चं चुकीचं साल निदान दिसतं तरी, म्हणून तुम्ही त्याला चुकीचं म्हणू शकला.

आणि ग्रामसेवक काका, काल संध्याकाळी वडिलांना विचारलं. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, पुढचे खण बांधले तेव्हा घरटॅक्स वाढू नये म्हणून मीच "मातीचंच राहू द्या" म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात ते खरं निघालं. बोलण्याची पद्धत मला अजूनही आवडलेली नाही.

निवृत्त_ग्रामसेवक
पद्धतीबद्दल क्षमा असावी. वडिलांना नमस्कार सांगा. त्या माणसाने कबूल केलं, आमच्यात कोणी करत नाही.

पण २०११ ची यादी २०१६ ला घरकुल योजना आली तेव्हा ग्रामसभेत वाचायची होती आणि मी वाचली. कोरमपुरते लोक होते. त्यातले निम्मे यादीत आपलं नाव ऐकून उठून गेले. ज्यांची नावं नव्हती ते शेतात होते. कापसाचे दिवस.

वास्तू_नागपूर
कापसाच्या दिवसांत ग्रामसभा घेणाऱ्याला दोष द्यायचा की न येणाऱ्याला, यावर वेगळा धागा होईल. पैनगंगाकाठ यांचं एवढं मान्य करतो: ओळ दिसल्याशिवाय दुरुस्ती होत नाही. पण दुरुस्तीचा अर्ज कोणाकडे, किती दिवसांत, हे ठरल्याशिवाय नुसती ओळ दाखवण्याला माझा विरोध कायम आहे. न्यूयॉर्कमध्ये १ ऑक्टोबर ते ३१ मे घरमालकाने घर उबदार ठेवलं नाही तर तक्रार करता येते, ती तक्रारही खुल्या नोंदीत येते आणि तपासायला माणूस जातो. माणूस जातो म्हणून त्या नोंदीला किंमत आहे.

मोर्शीचा_पोट्टा
म्हनजे तिथं घर थंड पडलं त सरकार धावते, अन् आमचं घर तापलं त रकाना बी नाही. मी पह्यल्यापासून हेच सांगतलं, तवा तुमी मले किल्लारी दाखवली.

वास्तू_नागपूर
तापमानाचा रकाना असायला हवा. मान्य. भिंतीचा प्रकार आणि जाडी लिहिली तरी बरंचसं कळेल. मातीच्या घराला पक्कं म्हणायला मी तरीही तयार नाही.

मोर्शीचा_पोट्टा
नका म्हनू. मे मयन्यात या.

सपरी_ताई
१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत नमुना आठ घर क्रमांकानुसार मोठ्याने वाचावा असा अर्ज मी आजच लिहिला आहे. हप्ते नाहीत, रक्कम नाही. भिंत, छप्पर, खोल्या आणि बायकोचं नाव लागलंय की नाही, एवढंच. काका, अर्ज सरपंचांच्या नावे करायचा की ग्रामसेवकाच्या?

निवृत्त_ग्रामसेवक
सरपंचांच्या नावे, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. सभा दुपारी न ठेवता झेंडावंदन झाल्याबरोबर घ्यायला सांगा. तेव्हा माणसं जागेवर असतात.