१ ऑक्टोबरला ज्येष्ठांच्या हक्कांवर बोलायचंय, शाल-नारळाच्या पुढे काय सांगू?

पूर्वभाग_सोलापूर

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाची लिखापढी मी बघते. माझं वय ४६, पण आई सभासद आहे म्हणून जायला लागले आणि हळूहळू सगळे अर्ज-बिर्ज माझ्याकडेच आले. दरवर्षी १ ऑक्टोबरला, जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनाला कार्यक्रम असतो, शुगर-बीपी तपासतात, पंच्याहत्तरी झालेल्यांना शाल-नारळ देतात आणि कुणी पाहुणे येऊन श्रावणबाळाची गोष्ट सांगून आईवडिलांची सेवा करा म्हणतात. वाईट काहीच नाही त्यात. पण यंदा मला पंधरा मिनिटं बोलायला दिलीयत आणि मला सेवेवर बोलायचंच नाहीये, हक्कावर बोलायचंय.

कारण सांगते. आईने चौतीस वर्षं विड्या वळल्या. ईपीएस-९५ ची म्हणजे पीएफवाल्या कामगारांची पेन्शन येते, हजार आणि वर थोडे. मागच्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो. मशीनवर अंगठा काही केल्या उठेना, विड्या वळून वळून बोटांच्या रेषाच गेल्यात तिच्या. एकदा पदराला पुसून, एकदा पाणी लावून, मग डावा अंगठा, मग बाकीची बोटं. मागे ही लाईन. काउंटरवरचा मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, यांचं होत नाहीये, परत कधीतरी घेऊन या." आई त्याच्यासमोर दीड हातावर उभी. ती म्हणाली, "अरे बाबा, मी हाय की हितं." तरी त्याने पुढचं वाक्य मलाच सांगितलं. अशा तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या वेळी रिक्षात बसल्यावर म्हणाली, राहू दे ते पैसे. माझी आई कधी कुणाला मजुरीतला रुपया सोडणारी नव्हती हो, तिच्या तोंडून ते "राहू दे" ऐकून मला रात्रभर झोप आली नाही.

तर प्रश्न असे, की व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतोय युनोने ज्येष्ठांसाठी जागतिक कायदा केला म्हणून, ते खरंय का? बाहेरच्या देशांत याबद्दल लोक काय करतायत? आणि आमच्या इथल्या माणसांना आज हाताशी येईल असं काय सांगू?

टिपणवही

ताई, मेसेज अर्धा खरा आहे. कायदा झालेला नाही, तो लिहायला घ्यायचं ठरलंय. एप्रिल २०२५ मध्ये जिनिव्हाला युनोच्या मानवाधिकार परिषदेने ठराव केला की ज्येष्ठांच्या हक्कांसाठी देशांवर बंधनकारक होईल असा करार तयार करायला गट नेमायचा. मतदान न घेता, सगळ्यांच्या संमतीने झाला. अर्जेंटिना, ब्राझील, गांबिया, फिलिपिन्स आणि स्लोव्हेनिया हे देश पुढे होते.

हे इतकं मोठं का, ते सभेत जरूर सांगा. स्त्रियांसाठी करार १९७९ चा, मुलांसाठी १९८९ चा, अपंगांसाठी २००६ चा. म्हाताऱ्या माणसांसाठी असा करार आजपर्यंत नाही. विषय नवा आहे म्हणून नव्हे बरं का, अर्जेंटिनाने १९४८ सालीच वृद्धांच्या हक्कांचा मसुदा युनोपुढे ठेवला होता. तो पडून राहिला. १९९१ ला युनोची तत्त्वं आली, स्वावलंबन, सहभाग, देखभाल, स्वतःचा विकास आणि प्रतिष्ठा अशी पाच, पण ती पाळली नाहीत तर कुणी जाब विचारणार नाही. मग २०१० ला युनोने न्यूयॉर्कला एक गट नेमला, त्याच्या २०२४ पर्यंत चौदा बैठका झाल्या आणि बरीच वर्षं एकच वाद चालला, वेगळा करार हवाच कशाला, आहेत ते कायदे पुरे की. जगभरच्या वृद्धांच्या संघटनांनी तो रेटा सोडला नाही म्हणून आता इथवर आलंय.

दोन खंडांनी मात्र वाट बघितली नाही. अमेरिका खंडातल्या देशांचा स्वतःचा करार २०१५ ला झाला, आफ्रिकेचा २०१६ ला, तो नोव्हेंबर २०२४ पासून लागू आहे. आशियात असं काही नाही.

निवृत्त_गुरुजी_७४

मीनाक्षी असो वा सुनंदा, नाव माहीत नाही म्हणून ताईच म्हणतो. तुमच्या आईंच्या जागी मी स्वतः उभा राहिलोय म्हणून लिहितो.

मागच्या वर्षी मोतीबिंदू काढला. डॉक्टरांनी सगळं मुलाला समजावलं, कुठली लेन्स, किती खर्च, कधी ॲडमिट व्हायचं. डोळा माझा, पैसे माझ्या पेन्शनचे, ३३ वर्षं मी गणित शिकवलेलं, आणि माझ्याशी बोलताना त्यांचा आवाज एकदम चढा, लहान मुलाशी बोलल्यासारखा, "आजोबाऽऽ, घाबरायचं नाही हं." मला ऐकू व्यवस्थित येतं. मुलगा चांगला आहे, तो म्हणाला डॉक्टर, बाबांना विचारा ना. मग विचारलं. माझ्या मुलाने ते म्हटलं नसतं तर सही त्यानेच करून टाकली असती आणि मीही गप्प बसलो असतो, कारण आपण कुणाला जड होऊ नये ही भीती या वयात फार असते. मारहाण, उपासमार याच्या बातम्या तरी होतात. हे रोजचं बाजूला सारणं कुणाला दिसत नाही, आणि आम्हीही सांगत नाही.

एक विनंती, ती पंधरा मिनिटं तुम्ही एकट्या बोलू नका. सभासदांतल्या तिघाचौघांना बोलतं करा.

साताऱ्याची_कारकून

मी वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करते, रोज अशी प्रकरणं समोर येतात म्हणून हाताशी येईल तेवढं सांगते.

आपल्याकडे २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे. साठ पूर्ण झालेल्या कुणालाही, स्वतःच्या उत्पन्नात भागत नसेल तर मुलगा, मुलगी, सज्ञान नातवंडं यांच्याकडे पोटगी मागता येते. मूलबाळ नसेल तर ज्या नातेवाइकाला इस्टेट मिळणार आहे त्याच्याकडे. अर्ज प्रांत ऑफिसला, तिथेच न्यायाधिकरण असतं. वकील लागत नाही. नव्वद दिवसांत निकाल द्यायचा, फार तर तीस दिवस वाढवायचे असं कायद्यात आहे, प्रत्यक्षात जास्त लागतात हे मी बघते. रक्कम महिना जास्तीत जास्त १०,०००, तो आकडा २००७ पासून तसाच, आता त्यात औषधं तरी बसतात का सांगा. आणि ताई तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे माणूस स्वतः अर्ज करू शकत नसेल तर त्याच्या वतीने संस्थाही करू शकते, म्हणजे तुमचा संघ.

दुसरं, बक्षीसपत्र. आमच्याकडे सर्वांत जास्त रडं याचंच. घर मुलाच्या नावावर केलं आणि वर्षभरात आईची कॉट ओट्यावर आली. कलम २३ सांगतं की सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही तर ते हस्तांतर रद्द करता येतं. पण ती अट दिसली पाहिजे. २०२२ ला सुप्रीम कोर्टाने अट नसेल तर कलम लागत नाही म्हटलं, जानेवारी २०२५ च्या निकालात कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचा म्हटलं, तरी माझं हात जोडून सांगणं आहे की बक्षीसपत्रात "माझा मरेपर्यंत सांभाळ, औषधपाणी आणि या घरात राहण्याचा हक्क" हे शब्द लिहूनच घ्या. लिहिताना मुलाला राग येईल म्हणून माणसं गाळतात आणि नंतर आमच्या बाकावर येऊन बसतात.

हेल्पलाइन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८, फुकट आहे. फळ्यावर मोठ्या आकड्यांत लिहा.

कोथरूड_रात्रपाळी

मला थोडं वेगळं वाटतं, राग मानू नका. वडिलांना चार वर्षांपासून डिमेन्शिया आहे. मी आणि बायको, दुसरं कुणी नाही. रात्री दोनला ते शाळेत जायचंय म्हणून कपडे घालून दाराशी उभे असतात, मी लॅपटॉप बंद करून त्यांना घेऊन बिल्डिंगला दोन फेऱ्या मारून आणतो, मग झोपतात. हक्काची सगळी भाषा माझ्यासारख्याकडे बोट दाखवून बोलली जाते, पोटगी, शिक्षा, दंड. सोडून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत जेल, हे बरोबरच आहे. पण न सोडणाऱ्याला कोण विचारतं? चार वर्षांत मला एकाही सरकारी माणसाने विचारलं नाही की बाबा तुला काय पाहिजे. वडिलांना चांगली देखभाल मिळण्याचा हक्क आहे, मान्य, पण मी एकटा पुरा पडत नाही ना त्याला.

स्टुटगार्टहून

कोथरूडवाल्या दादांसाठी लिहिते. मी इथे जर्मनीत वृद्धांच्या केंद्रात काम करते. इथे १९९५ पासून देखभालीचा विमा सक्तीचा आहे, पगारातूनच कापला जातो. माणसाला किती मदत लागते ते तपासून १ ते ५ अशी श्रेणी देतात आणि २ पासून पुढे घरच्यांनी सांभाळलं तरी महिन्याला पैसे मिळतात, सांभाळणाऱ्याच्या स्वतःच्या पेन्शनमध्येही ठरावीक तासांच्या वर काळजी घेतली तर भर पडते. जपानमध्ये असाच विमा २००० पासून आहे, चाळिशीपासून हप्ता. सगळं छान आहे असं अजिबात नाही, माणसं कमी पडतात, एकेका शिफ्टला आम्ही धावत असतो. पण तुम्ही जे दोघं मिळून रात्रभर करता ते इथे काम म्हणून धरलं जातं.

आणि एक छोटी गोष्ट. मला पहिल्या दिवशी शिकवलं की खोलीचं दार वाजवायचं, "या" आलं की मग आत. आतली आजी अंथरुणाला खिळलेली असली, बोलता येत नसलं तरी वाजवायचं आणि थांबायचं. सुट्टीत गावी आले तेव्हा आजीच्या खोलीत आम्ही सगळे कसे सरळ घुसतो ते मला पहिल्यांदा दिसलं, ती साडी बदलत होती.

सातपुडा_आशाताई

टिपणवही यांनी आफ्रिकेचा करार सांगितला त्यात एक कलम असं आहे की म्हाताऱ्या बायांवर चेटकीण असल्याचा आरोप करून छळायच्या प्रथा सरकारांनी बंद करायच्या. आमच्या नंदुरबारकडे डाकीण म्हणतात. एकटी विधवा, नावावर थोडी जमीन, आणि पाड्यावर पोरगं आजारी पडलं की नाव तिचंच. आपल्याकडे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, दाभोलकरांचा खून झाल्यावर आला. त्यात ती म्हातारी आहे म्हणून वेगळं काही नाही, पण जिच्यावर आरोप होतो ती बहुतेक वेळा म्हातारीच असते हे मी डोळ्यांनी बघितलंय. शहरातल्या सभेत हेही बोला ताई.

टिपणवही

आशाताई, बरं झालं लिहिलंत. आणि पूर्वभाग ताई, आईंच्या दाखल्याचं राहिलंच, ईपीएस-९५ ला नोव्हेंबरची सक्ती नाही, वर्षात कधीही द्या, दिल्यापासून वर्षभर चालतो. अंगठा उठत नसेल तर जीवन प्रमाण या सरकारी ऑनलाइन दाखल्याच्या सोयीत मोबाईलवर चेहरा दाखवून होतो. पोस्टमन घरी येऊनही करतो.

पूर्वभाग_सोलापूर

सगळ्यांचे आभार, दोन दिवस परत परत वाचतेय. पोस्टात जाऊन आले, पोस्टमनदादा काल घरी आले होते. आईला खुर्चीत उजेडाकडे तोंड करून बसवलं, डोळ्यांची उघडझाप करा म्हणाले, दुसऱ्या वेळी झालं. त्यांनी "काकू, झालं तुमचं" असं तिलाच सांगितलं. तिने त्यांना चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही.

अध्यक्ष काका आधी नको म्हणत होते, पोटगी-बिटगी काढली तर घराघरांत भांडणं लागतील म्हणून. गुरुजींचं लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं तर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांच्या सुनेने त्यांचं एटीएम कार्ड कुठे ठेवलंय ते त्यांना माहीत नाही असं हळूच म्हणाले. आता पंधराऐवजी चाळीस मिनिटं दिलीत. शाल-नारळ राहणारच. साताऱ्याच्या ताई, बक्षीसपत्राचे ते शब्द झेरॉक्स काढून वाटणार आहे. कोथरूडचे दादा, सांभाळणाऱ्यांनाही त्याच दिवशी बोलवतोय, वेगळी खोली ठेवली आहे, आमच्या भागातले पाचजण तर मलाच माहीत आहेत.

आईला विचारलं बँकेतलं तू सांगशील का सगळ्यांसमोर. आधी नाही म्हणाली. रात्री भाकरी थापताना म्हणाली, सांगते, पण उभं राहायला लावू नको, बसून सांगीन.