आधी सांगणाऱ्यालाच शिक्षा का?

आशाताई, निपाणी भाग
नमस्कार. मी निपाणीजवळच्या एका खेड्यात आशा कार्यकर्ती आहे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत एका घरी गेले. आजी आत वाकळ पांघरून कण्हत होती आणि सून दारातच आडवी उभी. म्हणाली, "काय नाही हो ताई, तंबाखूचा खकाणा नाकात गेलाय." तिला ठाऊक होतं, ताप सांगितला की गल्लीला बांबू आडवे लागणार, डेअरीत दूध घेणार नाहीत, महिनाभर मजुरीला कोणी बोलावणार नाही. चौथ्या दिवशी शेजारच्या तीन घरांत ताप. तरी मी तिला दोष दिला नाही, आजही देत नाही.

मग 24 नोव्हेंबर 2021 ला दक्षिण आफ्रिकेनं ओमायक्रॉनची खबर जगाला दिली, आणि दोन दिवसांत देशोदेशींनी त्यांची विमानं अडवायला सुरुवात केली. तीच सून, तेच दार! पुढची साथ याहून जहरी निघाली तर पहिला देश तोंड उघडेल का? यावर जगात काही नियम आहे का, जाणकारांनी सांगा की ओ.

चिक्कोडीचा मास्तर
ताई, नियम आहे. 2005 चे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम, 2007 पासून लागू. धोका ओळखल्यावर 24 तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवायचं. विनाकारण वाहतूक अडवू नये, हेही त्यातच आहे, पण अडवणाऱ्याला दंड नाही.

इंडोनेशियाचंही ऐका. 2007 मध्ये त्यांनी बर्ड फ्लूचे नमुने देणं थांबवलं. आमच्या नमुन्यांवर लस बनणार आणि ती आम्हालाच परवडणार नाही, हे त्यांचं म्हणणं. त्या भांडणातून 2011 मध्ये फ्लूपुरती, नमुने आणि लशी वाटून घेण्याची चौकट ठरली. 20 मे 2025 ला जिनिव्हात महामारी करार मंजूर झाला. त्यात सामील कंपन्यांनी महामारीत 20 टक्के लस-औषधं संघटनेला द्यायची, त्यातली निदान निम्मी फुकट. मात्र नमुने कसे द्यायचे-घ्यायचे याचा तपशील मंजुरीच्या वेळी पुरवणीवर ढकलला, आणि सगळी मेख तिथंच आहे.

टिळकवाडीचे आजोबा
पोरी, देवी रोग हटवायच्या मोहिमेत आपल्या देशानं उलटं केलं होतं. रोगी कळवणाऱ्याला बक्षीस! रक्कम वाढत वाढत हजार रुपयांवर गेली, आणि तेव्हा हजार म्हणजे केवढे! लोक रोगी लपवायचे सोडून शोधायला लागले. 1975 च्या मे महिन्यात भारतातला शेवटचा रुग्ण, 1980 ला सगळं जग मोकळं. अमेरिका आणि रशिया एकमेकांवर अणुबाँब रोखून होते, तरी या कामात बरोबर होते. देवीची लस आपल्या इथं बेळगावात व्हॅक्सिन डेपोतसुद्धा तयार व्हायची. त्या मैदानावरून जाताना मला अजून अभिमान वाटतो.

अथणीकर
बक्षीस चांगलं, पण देणार कोण? 2019 च्या पुरात कृष्णा आमच्या उसात शिरली. धरणाचं पाणी कोणी, कधी सोडायचं यावरून दोन राज्यं एकमेकांकडे बोट दाखवत राहिली, आणि ती एकाच देशातली. पावणेदोनशेच्या वर देशांना चाप लावणारा कोणीतरी पाहिजेच.

आशाताई, निपाणी भाग
काका, चाप हवाच, पण चापाच्या भीतीनं त्या सुनेनं दार उघडलं नसतं. आजोबांचे हजार रुपये माझ्या डोक्यातून जाईनात. माझं म्हणणं, त्या करारात एक कलम पाहिजे: खबर देणाऱ्याची विमानं जो अडवेल, त्यानं त्याचं नुकसान भरून द्यावं. जिनिव्हाला माझं कोण ऐकणार, पण गावच्या बैठकीत मी मांडणार आहे. ताप सांगेल त्या घरचं दूध डेअरीत घेतलं नाही, तर त्याचे पैसे पंचायतीनं द्यावेत. मास्तर, 2011 च्या चौकटीबद्दल मराठीत काही असेल तर इथं टाका.