व्ही तळाच्या होडीवर आउटबोर्ड मशीन (मागच्या फळीवर बाहेरून लावायचे इंजिन) किती उंचीवर बसवावे?

प्रश्न (खाडीकाठ):
कर्ली खाडीत देवबागच्या बाजूला मी 14 फुटी, व्ही तळाची फायबरची होडी वापरतो. तिच्या मागच्या फळीची उंची 17 इंच आहे आणि तिच्यावर 20 इंची फळीसाठी बनवलेले, म्हणजे लाँग शाफ्टचे, 15 अश्वशक्तीचे मशीन बसवले आहे. पूर्ण वेग दिला की मशीनच्या पायावर (पाण्यात उतरणाऱ्या खालच्या भागावर) आपटून पाण्याचा फवारा होडीत येतो आणि वळवण्याचा दांडा जड लागतो. मशीन किती उचलावे आणि माप कोठून घ्यावे?

उत्तर (पंखा):
होडी किनाऱ्यावर घ्या आणि कण्याखाली, म्हणजे तळाच्या मधल्या रेषेखाली, एक सरळ पट्टी अशी धरा, की तिचे टोक मागे मशीनच्या पायापर्यंत पोचेल. व्ही तळ मध्यभागी सर्वांत खोल असल्यामुळे बाजूच्या कडेवरून घेतलेले माप हमखास चुकते. पंख्याच्या वरच्या आडव्या प्लेटला कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात, पण तिचे खरे काम पृष्ठभागावरची हवा पंख्यापर्यंत पोचू न देणे हे आहे. ती पट्टीच्या रेषेत किंवा इंचभर खाली असावी. तुमची ती सुमारे 3 इंच खाली असणार, म्हणून एवढा पाय पाण्यात ओढला जातो.

उत्तर (जुना तांडेल):
वरील माप योग्य आहे, परंतु एकदम 3 इंच उचलू नका. आपल्याकडील बऱ्याच होड्यांच्या तळाला कण्याची उभी पट्टी असते. ती मागच्या फळीपर्यंत तशीच आली असेल, तर तिच्यामागे पाणी फेसाळते आणि पंख्याला घट्ट पाणी मिळत नाही. अशा होडीत मशीन थोडे खालीच ठेवावे. फळीवर सागाची पट्टी टाकून उंची वाढवताना शिकंजाचे (मशीन फळीला आवळणाऱ्या पकडीचे) स्क्रू मूळ फळीलाच पूर्ण पकडतात ना, हे आधी तपासा आणि मशीनला सुरक्षेचा दोर बांधा. चाचणीच्या वेळी थंडाव्याच्या पाण्याची धार कमी झाली, तर वेग ताबडतोब सोडा, कारण पाणी ओढणारी छिद्रे उघडी पडली की इंजिन तापते.

खाडीकाठ:
दोघांचेही मनापासून आभार. कण्याची पट्टी फळीच्या फूटभर आधीच संपते, म्हणून 2 इंच उचलले. फवारा थांबला, दांडा हलका झाला आणि सरळ जाताना प्लेटवरून पाण्याचा पातळ थर वाहताना दिसतो. मात्र तीव्र वळणावर पंखा हवा ओढतो, मशीन एकदम गरगरते आणि होडीचा जोर जातो.

जुना तांडेल:
मग अर्धा इंच खाली घ्या, आणि नेहमीची माणसे व इंधनाची टाकी होडीत ठेवूनच पुन्हा पाहा. रिकाम्या होडीवर जुळवलेली उंची भरलेल्या होडीला लागू पडत नाही.