अनुभव हवेत: पहिलीच सायकल सुटे भाग आणून स्वतः जोडावी का?

वडाखालचा
तीन महिने झाले, रात्री जेवण उरकलं की मी फ्रेम, हब (चाकाच्या मधला तुंबा), क्रँक (पॅडल ज्याला बसतं तो दांडा) यांच्या किमती बघत बसतो. बायको म्हणते, एवढ्या वेळात पायी पंढरपूर करून आला असतास. हाताशी पान्यांचा एक डबा आणि पंक्चर काढण्यापुरती विद्या. ज्यांनी सायकल जोडली त्यांनी लिहाच, पण जोडायला घेऊन पोत्यात बांधून माळ्यावर टाकली त्यांनी आधी लिहा. सल्ला नको, काय घडलं ते सांगा.

ताकपिठा
मी पोत्यातला. स्टीलची जुनी रोड फ्रेम स्वस्तात मिळाली, हुरूप आला आणि मागचं चाक एमटीबीचं, म्हणजे डोंगरी सायकलचं, उचललं. फ्रेमच्या मागच्या फाट्यात अंतर १३० मिमी, हब १३५चा. पाच मिलिमीटरने काय होतंय, म्हणून ताणून बसवला, बसलाही. मग लक्षात आलं की फ्रेम ७००सीच्या, म्हणजे रोड सायकलच्या मोठ्या चाकाची आणि मी आणलेलं चाक २६ इंची, म्हणजे ब्रेकची रबरं रिमपर्यंत पोचतच नाहीत. एकेक भाग गुणी, पण सोयरीक जुळेना. खर्चाचं म्हणाल तर कंपनी हेच भाग घाऊक घेते, आपण एकेक. पैसे वाचवायचे म्हणून या वाटेला जाऊ नका.

कृष्णाकाठ
मी उलटीकडून सुरुवात केली. जोडायच्या आधी एक सायकल पूर्ण सोडवली. आजोबांची काळी सायकल गोठ्यात पडून होती. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या काकांना म्हटलं, मला शिकवा, मजुरी नेहमीची घ्या. ते म्हणाले, "रविवारी ये, जुने कपडे घालून ये."

मागच्या हबचे कोन (छर्रे दाबून धरणाऱ्या निमुळत्या चकत्या) सैल केल्यावर छर्रे निघाले. एका बाजूला नऊ, दुसऱ्या बाजूला नऊ असायला हवेत. माझे भरले सतरा. अख्खं दुकान झाडलं, गोणपाट झटकलं, काका शांतपणे चहा पीत होते. शेवटी म्हणाले, "कोन बघितलास का?" काळ्या, घट्ट झालेल्या ग्रीसमध्ये अठरावा तिथेच चिकटून बसला होता. तेव्हापासून चुंबक आणि ताटली घेतल्याशिवाय मी अ‍ॅक्सलला हात लावत नाही.

चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढायला त्यांच्याकडे स्टँड नव्हता. सायकल उलटी करायची, फाट्याला बोट टेकवून खडू रिमजवळ धरायचा आणि चाक फिरवायचं. जिथे खडू उमटेल तिथे रिम खडूकडे आलेली. मग तिथल्याच, पण हबच्या पलीकडच्या बाजूने येणाऱ्या तारा पाव फेरा आवळायच्या. पाव म्हणजे पावच. मी एकदा पूर्ण फेरा दिला, तर रिम पलीकडे लचकली आणि पुढचे दोन तास तीच निस्तरत बसले.

एकटाजीव
ऑनलाइन मागवलेली, खोक्यातून येणारी सायकल. हँडल, पुढचं चाक, सीट आणि पॅडल एवढंच बसवायचं होतं. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात हे ठाऊक नव्हतं. डावं पॅडल उजव्या क्रँकमध्ये जाईना, तर पान्याला पाइप लावून घुसवलं. क्रँक अ‍ॅल्युमिनियमची, आटे गेले, क्रँक बदलावी लागली. पॅडलच्या दांड्यावर एल आणि आर कोरलेलं असतं. हे मी नंतर पाहिलं.

ऱ्हाइनकाठी
इथे जर्मनीत बऱ्याच शहरांत, विशेषतः विद्यापीठाच्या गावी, अशा कार्यशाळा असतात जिथे हत्यारं त्यांची आणि मेहनत आपली. माझी पहिली सायकल तशीच जोडली. बॉटम ब्रॅकेटचा (क्रँक ज्यावर फिरतो त्या बेअरिंगचा) पाना, हेडसेट (हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग) दाबून बसवायचा प्रेस ही वर्षातून एकदा लागणारी हत्यारं विकत घेतली असती तर त्यात दुसरी सायकल आली असती.

फजिती वेगळीच झाली. वडिलांच्या सायकलीला भारी टायर म्हणून इथून २८ इंची नेला. चढेचना. इथलं २८ म्हणजे ६२२ मिमीची रिम, आपल्याकडच्या दूधवाल्याच्या सायकलीचं २८ म्हणजे ६३५. टायरच्या कडेवरचा तीन आकडी नंबर वाचा, इंचावर जाऊ नका. तो टायर अजून गावी खुंटीला लटकतोय.

सिंहगडकर
जोडा, पण ब्रेक जाणत्याला दाखवल्याशिवाय उतारावर जाऊ नका. मी ब्रेकचं रबर जरासं वर बसवलं होतं, रिमऐवजी टायरला घासत होतं. सपाटीवर कळलं नाही. घाट उतरताना टायरची कड कातरली गेली आणि ट्यूब बंदुकीसारखी फुटली. वेग कमी होता म्हणून गुडघ्यावर निभावलं.

वडाखालचा
तीन महिन्यांची किमतींची वही मिटली. मामांकडची जुनी गिअरची सायकल आणलीय, आधी तीच सोडवतो. काल फ्रीव्हीलपाशी (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांपाशी) अडलो. त्याचं हत्यार आणलं, पाना लावून वर उभा राहिलो, ढिम्म हलत नाही. कृष्णाकाठ ताई, काय करू?

कृष्णाकाठ
पॅडल मारून मारून ते रोज आवळलंच जातं, हातपान्याने नाही सुटायचं. हत्यार व्हाइसमध्ये (टेबलाला ठोकलेल्या शिकंज्यात) उभं पकडायचं, त्यावर चाक आडवं बसवायचं आणि रिम दोन्ही हातांनी धरून बसच्या स्टिअरिंगसारखी डावीकडे फिरवायची. ग्रिल बनवणाऱ्याकडे व्हाइस असतोच.

वडाखालचा
सुटलं! ग्रिलवाल्याने चहाही पाजला. पुढे जाऊन अ‍ॅक्सलही काढला. छर्रे सोळा भरतायत. कोन बघितला.