मदत हवी आहे: इस्त्रीने चिकटवलेल्या लेसच्या फुलांच्या कडा सुटत आहेत

नमस्कार. पुतणीच्या सुती परकराच्या घेरावर मी इस्त्रीने चिकटणारी, पाठीला गोंदाचा थर असलेली लेसची फुले लावली आहेत. नवे कापड धुऊन त्यातली खळ काढली, इस्त्रीची वाफ बंद ठेवली, फुलावर मलमलचा रुमाल अंथरला आणि इस्त्री न सरकवता प्रत्येक फूल सुमारे १५ सेकंद दाबून धरले. तरीही दुसऱ्या धुण्यानंतर पाकळ्यांची टोके नखाने उचलता येतील इतकी सुटली आहेत. मधला भाग मात्र घट्ट आहे. लेस नायलॉनची असल्याने उष्णता वाढवण्याची भीती वाटते, कारण पहिल्याच प्रयत्नात एका फुलाची नाजूक जाळी आक्रसून कडक झाली होती.

परकर उलटा करून आतल्या बाजूने पुन्हा इस्त्री दिल्यास गोंद धरेल का, की कडेने हाताने टाकेच घालावेत? जाळीतून दिसणार नाही असा कोणता दोरा घ्यावा?

उरलेली फुले आईच्या जुन्या रेशमी पोलक्यावर लावायची आहेत. ते कापड माझ्यासाठी फार मोलाचे आहे, त्यामुळे रेशमावर हे काम स्वतः केलेल्यांनी आपला अनुभव कृपया सविस्तर सांगावा.