मदत हवी आहे: नेच्याचे बीजाणू उगवले, पण रोप काही धरत नाही

अंगणवेल:
नमस्कार मंडळी. लेकीच्या नववीच्या प्रकल्पासाठी नेचा (फर्न) बीजाणूंपासून वाढवायला घेतलाय. जुन्या विटांच्या भिंतीत येतो तो टेरिस व्हिटाटा. लांब पातं, आणि पात्याच्या कडेला खालून तपकिरी गोट. जून पान कागदात गुंडाळून ठेवलं, वाळल्यावर कागदावर कॉफीसारखी पूड पडली. विटेचा तुकडा कुकरमध्ये शिट्ट्या काढून गार केला, पसरट डब्यात ठेवून त्यावर पूड टाकली, वर काच. डबा खिडकीत, थेट ऊन नाही. पाणी फक्त तळाला घालते, कारण वरून शिंपडलं की बुरशी धरते असं जिथे तिथे वाचलं.

आधी हिरवी साय आली, मग बदामाच्या आकाराचे पातळ पापुद्रे. करंगळीच्या नखाहूनही लहान. आता वीट दिसेनाशी झालीये, इतके दाटीवाटीने एकावर एक चढलेत. पण कित्येक आठवडे तसेच आहेत, एकही पान फुटत नाही. पुस्तकात तर नर आणि मादी अवयव एकाच पापुद्र्यावर असतात असं आहे. मग घोडं अडलंय कुठे?

आणखी एक. डब्याच्या कोपऱ्यात पांढरा कापूस आलाय. लेक म्हणते, बुरशी झाडांना मदत करते, राहू दे. काढू का ठेवू?

सडाफिरस्ता:
ताई, बदाम आलेत म्हणजे बीजाणू उत्तम होते. खालून पाणी देणं इथवर बरोबरच, पण आता वरूनही लागणार. नेच्याच्या शुक्रपेशी पोहत जातात. मादी अवयव बदामाच्या खाचेजवळ, नर अवयव खाली मूलकेसांच्या बाजूला, आणि दोन्ही पापुद्र्याच्या खालच्या अंगाला. मधलं अंतर काही मिलिमीटर, पण ते ओलांडायला पाण्याचा सलग थर हवा. विटेचा दमटपणा त्याला पुरत नाही. पाणी मिळालं की नर अवयव फुटतात आणि शुक्रपेशी मादी अवयवाच्या दिशेने वळतात. मॅलिक आम्लाकडे त्या ओढल्या जातात हे वनस्पतिशास्त्रज्ञ प्फेफर यांनी १८८४ मध्येच दाखवलं होतं. तेव्हा उकळून गार केलेल्या पाण्याचा फवारा मारा, पापुद्रे चांगले भिजू द्या. काही दिवसांनी पुन्हा.

दुसरी गोष्ट गर्दी, आणि मला जास्त संशय तिचाच आहे. जे पापुद्रे आधी मोठे होतात ते अँथेरिडिओजेन नावाचं द्रव्य सोडतात, त्यामुळे शेजारचे उशिरा उगवलेले नुसते नर होऊन बसतात. तुमच्या टेरिसमध्येही हे होतं. त्यामुळे पुस्तकातलं वाक्य खरं असलं तरी तुमच्या विटेवर माद्या मोजक्याच असू शकतात. चिमट्याने छोटे छोटे पुंजके उचला आणि दुसऱ्या उकडलेल्या विटेवर अंतर ठेवून लावा.

(टेरिस क्रेटिका घेतला असतात तर ही भानगडच नव्हती. त्याच्यात फलनाशिवाय पापुद्र्यातून थेट रोप फुटतं. वनस्पतिशास्त्रज्ञ फार्लो यांनी ते १८७४ मध्ये नोंदवलं.)

कापूस मात्र काढा, आजूबाजूच्या पापुद्र्यांसकट. वरवर वाढणारी ही बुरशी मेलेल्या भागांवर जगते आणि अशा बंद डब्यात सगळं गिळून टाकते. लेक म्हणते ती बुरशी वेगळी, ती पेशींच्या आत शिरून राहते. पण मुद्दा तिचा खोटा नाही. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी इथल्या सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत, धड मुळंही नसलेल्या वनस्पतींच्या पेशींत अशी बुरशी सापडलीये. आपल्याकडे सड्यांवर (कातळी पठारांवर) पावसात ऑफिओग्लॉसम नावाचा नेचा उगवतो, एक पान आणि एक काडी. त्याचा पापुद्रा तर जमिनीखाली असतो, हिरवाही नसतो, पूर्णपणे बुरशीच्या जिवावर जगतो. हा घरी बीजाणूंपासून करायच्या फंदात पडू नका.

बागवानकाका:
वरच्या उत्तराला अनुमोदन. फवारा बारीक धारेचा घ्या, नाहीतर पापुद्रे उपटून निघतात.

प्रकल्पाला जोड हवी असेल तर सोसायटीच्या बागेतला सायकस दाखवा. त्याचा परागकण कोरडाच प्रवास करतो, पण बीजांडात पोचल्यावर जी शुक्रपेशी सोडतो ती अजून पोहणारी! जपानमध्ये हिरासे यांनी गिंको नावाच्या झाडात आणि इकेनो यांनी सायकसमध्ये १८९६ साली हे पाहिलं. जास्वंदीत, आंब्यात तेही गेलं. परागनलिकाच शुक्रपेशी थेट आत नेऊन सोडते. तुमच्या डब्यातला तो बदाम जास्वंदीत नराच्या बाजूला परागकणाच्या दोन-तीन पेशींवर येऊन ठेपलाय, तेवढाच.

अंगणवेल:
दोघांचेही आभार. कोपरा साफ केला, पुंजके दुसऱ्या विटेवर लावले आणि तिच्यावर फवाराही मारला. लेकीचा एक प्रश्न: वहीत "उगवलेली रोपं" या रकान्यात हे बदाम धरायचे की नाही?

सडाफिरस्ता:
त्याच रकान्यात नको. दोन रकाने करा, गॅमेटोफाईट (हे बदाम) आणि स्पोरोफाईट (पानं येणारं रोप). बदामात गुणसूत्रांचा एकच संच, पानं येणाऱ्या रोपात दोन. पान खाचेपाशी पापुद्र्याखालून वर येतं, म्हणून भिंग तिथेच धरायला सांगा. आणि जुनी वीट फेकू नका. तिच्यावर फवारा न मारता ती तशीच राहू दे, तुलनेला लागेल.